आपला डोडो

मुलांनो, डोडो हा आपल्या मॉरिशसचा पक्षी. सतराव्या शतकात तो नाहीसा झाला. तरी तुम्ही त्याचे चित्र काढता आणि प्रत्येकाचा डोडो वेगळा असतो!

असे चित्र इंटरनेटवर विकता येते. प्रथम चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढावा. त्याचे माप लिहावे. मग किंमत ठरवावी. समजा, कागद व रंग 50 रुपयांचे, टपालखर्च 100 रुपये आणि तुमच्या मेहनतीचे 150 रुपये. तर किंमत झाली 300 रुपये. पैशांचा व्यवहार मात्र आईवडिलांनीच करावा.

मित्राचा डोडो अधिक सुंदर असला, तर त्याची नक्कल करून विकाल का? छे! ती चोरी होय. ज्याने चित्र काढले, त्याचाच त्यावर हक्क. म्हणून स्वतःचाच डोडो काढा आणि कोपऱ्यात सही करायला विसरू नका.