शंका-समाधान : लेझर मशीनचा पॉवर सप्लाय

प्रश्न : माझ्याकडे चाळीस वॅटची सीओटू लेझर मशीन आहे. लग्नपत्रिका आणि एमडीएफची कामे करतो. परवा ऐन कामात किरण बंद झाला. हेड फिरते, पंखे चालतात, पण कापले जात नाही. मेकॅनिक म्हणतात, सप्लाय गेला, नवा मागवा. मागवू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : एवढ्यात नको. हेड फिरते याचा अर्थ मोटर आणि कंट्रोलरला वीज मिळते आहे, इतकाच. ट्यूब पेटवणारा हाय व्होल्टेजचा भाग वेगळा असतो आणि तो ठणठणीत असूनही गप्प राहू शकतो. सप्लायवरची ‘पी’ आणि ‘जी’ ही टर्मिनले बहुधा पाण्याच्या फ्लो स्विचमधून जोडलेली असतात. काही मशीनमध्ये झाकणाचा स्विचही त्याच लाइनवर असतो. नळीत शेवाळ अडकले किंवा स्विच ढिला झाला की सप्लाय मुद्दामच किरण रोखतो. मशीनचा प्लग काढा, पी-जीच्या वायरी सुट्या करा आणि फक्त पंप चालू ठेवून मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहा. ती मिळाली नाही तर दोष स्विचचा किंवा पाण्याचा. मात्र पी-जी कायमचे शॉर्ट करून काम चालवू नका. पाणी थांबले तर ट्यूब तडकेल.

हे ठीक असेल तर पॉवरचा नॉब तपासा. ‘आयएन’वर ० ते ५ व्होल्ट यायला हवेत. नॉब झिजला की तिथे शून्यच येते. शेवटी पाणी चालू, झाकण बंद, खाली टाकाऊ एमडीएफ, डोळ्यांवर सीओटू लेझरसाठीचा चष्मा, अशा तयारीने सप्लायवरचे टेस्ट बटण क्षणभर दाबा. हे बटण कंट्रोलरला वळसा घालून किरण सोडते. किरण आला तर सप्लाय आणि ट्यूब दोन्ही चांगली. बिघाड कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या वायरींत आहे.

प्रश्न : टेस्ट बटण दाबले की चर्र असा आवाज येतो, पण मिलीअँमीटरची सुई हलत नाही. ट्यूब गेली की सप्लाय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मशीन लगेच बंद करा. आवाज येतो म्हणजे हाय व्होल्टेज तयार होते आहे, पण ट्यूबमधून न जाता भलतीकडे उडते आहे. ट्यूबच्या अ‍ॅनोडचा जोड, लाल वायर आणि सप्लायच्या आसपासचे काळे डाग बघा. मग ट्यूब नीट न्याहाळा. काचेला तडा असेल किंवा आतल्या नळीत पाणी दिसत असेल, तर तिचा गॅस गेला. अशी ट्यूब पेटत नाही. सप्लायचे व्होल्टेज वाढत जाते आणि शेवटी त्याच्याच फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फोडते. म्हणूनच मेलेल्या ट्यूबवर नवा सप्लाय लावला तर तोही जातो.

उलट सुई नेहमीचा करंट दाखवते आणि कापले जात नाही, अशा वेळी आरसे, लेन्स किंवा म्हातारी झालेली ट्यूब तपासा. सप्लायचा दिवाच लागत नसेल तर फ्यूज बघा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर आतला भाग शॉर्ट आहे. जाड फ्यूज घालू नका.

ट्यूबपाशी पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. साधा मल्टिमीटर हजार व्होल्टपर्यंतचा, तो तिथे लावू नका. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून ‘टेस्ट’ करणे जीवावर बेतू शकते.

प्रश्न : सप्लाय बदलायचे ठरले. स्वतः बदलताना काय सांभाळू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हाय व्होल्टेजचा सराव नसेल तर जाणकाराला बोलवा; सराव असला तरी एकट्याने करू नका. सप्लाय ट्यूबच्या वॅटेजला जुळणारा घ्या. जुन्या वायरींचे फोटो काढा आणि नव्या वायरी जागा पाहून नव्हे, टर्मिनलची नावे वाचून जोडा; कंपनीगणिक क्रम बदलतो. काही सप्लायवर ११०/२२० चा स्विच असतो. तो २२० वर आहे ना, हे वीज देण्यापूर्वी पाहा, नाहीतर नवा सप्लाय पहिल्याच क्षणी जळेल.

प्लग काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग लांब इन्सुलेटेड दांड्याच्या, अर्थला जोडलेल्या सळीने अ‍ॅनोड डिस्चार्ज करा. ट्यूबच्या पिनेला सोल्डरिंगचा चटका दिल्यास काच तडकू शकते. वायर घट्ट गुंडाळून सिलिकॉनची नळी चढवा, सिलिकॉन भरा आणि ते पूर्ण सुकू द्या. कॅथोडची वायर मिलीअँमीटरमधून सप्लायच्या ‘एल मायनस’ला जाते. बॉडीचे अर्थिंग पक्के हवे. पहिली चाचणी कमी पॉवरवर घ्या. चाळीस वॅटच्या ट्यूबला साधारण १८ मिलीअँपिअरच्या वर नेऊ नका.

प्रश्न : गणपतीच्या आधी मखरांचे काम जोरात असते आणि नेमका तेव्हाच सप्लाय जातो. पावसाचा संबंध असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहे. एमडीएफची काजळी आणि दमट हवा एकत्र आली की हाय व्होल्टेजला गळतीची वाट मिळते. सप्लायचा कप्पा मशीन बंद ठेवून कोरड्या ब्रशने साफ करा आणि धुराचा एक्झॉस्ट चोख ठेवा. बोअरचे पाणी काढून डिस्टिल्ड पाणी घाला, कारण क्षारांच्या पाण्यातूनही वीज गळते. चिलर फार थंड ठेवलात तर ट्यूबवर दव धरते, तेही टाळा.

वाचकांना विनंती : पत्रात ट्यूबची लांबी, सप्लायचे मॉडेल, टर्मिनलची नावे आणि मीटरचा आकडा अवश्य लिहा. नुसत्या ‘चालत नाही’ यावरून उत्तर देता येत नाही.