शंभर किलोमीटरची अट

नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, शंभर किलोमीटरच्या आत, तशाच कामाच्या कारखान्यात रुजू व्हायचं नाही. नसरापूरच्या आमच्या कारखान्यापासून शंभर किलोमीटर धरले की शिरवळ गेलं, खेड शिवापूर गेलं, भोसरी, चाकण, रांजणगावही गेलं. वेल्ह्याहून मार्गासनीमार्गे मोटारसायकलवर शिफ्टला येणाऱ्या टूलरूमच्या माणसाने मग डाय दुरुस्त करायच्या कुठे?

नवी पोरं असा कागद रुजू होतानाच बघतात आणि पटलं नाही तर दुसरं दार ठोठावतात. आम्ही पहिला प्रेस बसला तेव्हापासूनचे. आमच्यापुढे तो पगारवाढीच्या पत्राला टाचून आला, इंग्रजीत. ‘‘काका, फॉर्मॅलिटी आहे, सही करून टाका,’’ एचआरमधल्या मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘मग एक प्रत द्या, घरी नेऊन वाचतो.’’ प्रत द्यायला त्या कचरल्या, तेव्हाच वकील गाठायचं ठरवलं.

भोरच्या वकिलांनी १८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम काढून दाखवलं. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. मोठा अपवाद धंद्याचं नाव म्हणजे गुडविल विकणाऱ्याचा. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानलाही करार संपल्यानंतरच्या अटीत एका कंपनीने अडकवू पाहिलं होतं. सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये ती अट चालू दिली नाही.

नोकरीत असतानाचं बंधन मात्र वेगळं. कल्याणच्या कारखान्यातल्या निरंजन गोळीकरींनी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोट्याची कंपनी धरली. १९६७मध्ये सुप्रीम कोर्टाने कराराची मुदत संपेपर्यंतची मनाई कायम ठेवली. ठरलेल्या मुदतीआधी गेल्यास पैसे भरण्याची अटही टिकू शकते. विजया बँकेच्या खटल्यात २०२५मध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांची अट टिकली. म्हणून रकमेचं आणि मुदतीचं कलम बोट ठेवून वाचा. ड्रॉइंग, ग्राहकांचे दर बाहेर नेऊ नका, ही अट रास्तच आहे. हाताला बसलेलं कसब मात्र आपलं.

मी लेखी कळवलं: गोपनीयतेचं कलम मान्य, शंभर किलोमीटरचं अमान्य. पगारवाढ रखडली, पण मिळाली. माझ्यासोबतच्या एकाने मुकाट सही केली. पुढे तो शिरवळला लागला, तर नव्या कंपनीला नोटीस गेली आणि त्यांनीच घाबरून त्याला थांबवलं. कोर्टात न टिकणारा कागदही माणसाला असा घरी बसवतो, याचा मला फार राग आहे. सही झालीच असेल तर नव्या ठिकाणी मुलाखतीतच सांगा, कराराची प्रत दाखवा. जुन्या कंपनीने या कलमाच्या नावाखाली पीएफ किंवा ग्रॅच्युइटी अडवली तर ऐकून घेऊ नका. तो हक्क कायद्याने दिलेला आहे. पीएफ कार्यालयात, कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.