पट्टीला पहिला हात कुणाचा?

दसऱ्याला झेंडू चढ्या भावानं जातो, तरी मार्चमध्ये त्याच शेतकऱ्याचं सोसायटीचं कर्ज थकतं. दादरच्या फूलमंडईत गाळ्यावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब, लिहिताना हे मी कितीदा तरी पाहिलंय. लोक म्हणतात, नियतच खोटी. मला ते पटत नाही. पैसा कधी आला आणि त्याला पहिला हात कुणी लावला, यावर निम्मी परतफेड ठरते.

आमच्याच धंद्याचं घ्या. रोपं, मल्चिंग, औषधं यांसाठी शेतकरी गाळ्यावरून उचल घेतो. माल आला की पट्टीतून दलाली, हमाली, गाडीभाडं जातं, त्यामागोमाग उचल. सोसायटीचा सचिव तिकडे गावात, त्याची पाळी शेवटी. शिवाय उचल घेतलेल्याला माल दुसऱ्या गाळ्यावर लावता येत नाही, मग भाव काहीही मिळो. हे आम्ही गाळेवाले सहसा बोलत नाही.

माझ्या चुलतभावानं पाडव्यासाठी झेंडू केला होता. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. फुलं शेतातच सडली. पीक कर्जाची मुदत पुढे ३१ मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ती बातमी गावात पोचायच्या आत दादानं ३१ मार्चच्या धास्तीनं सावकाराकडून रक्कम आणून ‘नवं-जुनं’ केलं, म्हणजे जुनं कर्ज भरून नव्यानं उचललं. सोसायटीच्या वहीत तो नियमित खातेदार राहिला. सावकाराचं व्याज मात्र पुढे दोन हंगामांचे पैसे खाऊन गेलं. असं नवं-जुनं केलेलं कर्ज कागदावर वसूल दिसतं, म्हणून वसुलीच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तेव्हापासून ओळखीच्या बागायतदारांना सांगतो, मार्चची वाट पाहू नका. गणपती ते दिवाळी पैसा हातात खेळतो, तेव्हाच थोडं थोडं भरा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ती सवलत गेली, आणि खरिपाला नवं कर्जही नाही. मग माणूस पुन्हा आमच्याच गाळ्यावर उचलीला येतो.

माफीच्या आशेवर थकवणारेही पाहिले. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतचीच थकीत खाती बसली. व्याज चढून त्यावर गेलेले हात चोळत राहिले. पीक खरंच बुडालं आणि गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली, तर कर्जाचं पुनर्गठन मागता येतं. सावकाराचं दार वाजवण्याआधी तो अर्ज द्या.

आणि पट्टीतला ठरावीक हिस्सा थेट कर्जखात्यात भरायला गाळेवाल्याला सांगा. तो कुरकुर करेल. आम्हीही करतो.