कामांच्या गर्दीत देवाजवळ पंधरा मिनिटे



“वेळच मिळत नाही,” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडी असते. पहाटे उठून डबे भरायचे, धावत लोकल पकडायची, दिवसभर काम करायचे आणि उभ्यानेच परतायचे. घरी आल्यावर मुलांचा अभ्यास, आजारी माणसांचे औषधपाणी. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की शरीर थांबते, पण मन थांबत नाही. अशा जीवनात ख्रिस्ती माणसाने विसावा कोठे शोधावा?

प्रभू येशूचा एक दिवस

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात (१:२१-३९) प्रभू येशूचा कफर्णहूम गावातील एक दिवस वर्णिलेला आहे. शब्बाथ दिवशी त्याने सभास्थानात शिकवण दिली आणि एका पछाडलेल्या माणसाला मुक्त केले. तेथून तो शिमोनाच्या घरी गेला व त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे केले. सूर्य मावळताच सगळे गाव आजाऱ्यांना घेऊन दारात जमले. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला.

शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत आले. सगळे लोक त्याची वाट पाहत होते. आपण असतो तर लगेच परत गेलो असतो, कारण तेथे मान होता, मागणी होती. येशूने मात्र आजूबाजूच्या गावांत जाऊन उपदेश करायचे ठरवले. आपण कशासाठी आलो आहोत हे त्याला स्पष्ट होते.

कफर्णहूममधील काम संपलेले नसतानाही येशू पित्याजवळ गेला, हे लक्षात घेऊ या. आपण म्हणतो, “कामे आटोपली की प्रार्थनेला बसेन.” कामे कधीच आटोपत नाहीत. आणि पित्याजवळून उठल्यावर कोणते काम करायचे व कोणते सोडायचे, हे तो ठामपणे सांगू शकला. विसावा आणि मार्गदर्शन त्याला एकाच ठिकाणी मिळाले.

संत इग्नेशियस यांची साधी वाट

१५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत इग्नेशियस लोयोला यांच्या पायाला तोफगोळा लागला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी शौर्याची स्वप्ने रंगवत, तर कधी संतांच्या जीवनाचा विचार करत. पहिल्या विचारांनी तेवढ्यापुरता आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. दुसऱ्या विचारांचा आनंद मागे टिकून राही. देव आपल्याला कोठे बोलावतो आहे, हे ते अशा प्रकारे ओळखू लागले. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या. त्या अशा:

१. दिवसभरात मिळालेल्या कृपांबद्दल देवाचे आभार मानावेत.
२. आपले दोष ओळखण्यासाठी देवाकडे कृपा मागावी.
३. सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने आठवावा.
४. चुकांबद्दल क्षमा मागावी.
५. उद्या सुधारण्याचा निश्चय करून प्रभूची प्रार्थना म्हणावी.

यासाठी पंधरा मिनिटे पुरतात.

एक अनुभव

घराच्या कर्जासाठी मी दोन वर्षे रविवारीही जादा काम घेत होतो. एका प्रायश्चित्तकाळात मी ही प्रार्थना सुरू केली. पहिले काही दिवस बसल्या बसल्या डोळे मिटायचे. नंतर लक्षात आले की, दिवस आठवताना रोज एकच गोष्ट समोर येते. आतल्या खोलीत आई आजारी असते आणि मी दारातूनच “जेवलीस का?” असे विचारून पुढे जातो.

मी पत्नीशी बोललो. दोघांनी हिशेब मांडला. घराची रंगरंगोटी पुढे ढकलली आणि रविवारचे काम सोडले. आता मिस्साहून आल्यावर मी आईजवळ बसतो. ती एकच गोष्ट तीनदा सांगते. तिचा आजार बरा झालेला नाही, कर्जाचे हप्तेही चालूच आहेत. पण दारातून विचारणे बंद झाले, आणि रात्री झोप लागते.

प्रभूचा दिवस

रविवारी मिस्सात सहभागी व्हावे आणि उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद व शरीर-मनाची विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळावीत, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम १२४७) सांगतो. रुग्णालयात, रेल्वेत सेवा करणाऱ्यांना रविवारी कामावर जावे लागते. कित्येकांच्या घरची चूलच त्या दिवसाच्या कमाईवर पेटते. त्यांची अडचण ख्रिस्तसभा जाणते. अशांनी दुसरी एखादी वेळ देवासाठी व घरासाठी राखावी. आणि आपल्याला सुट्टी असेल, तर आपल्या घरातील आईला, पत्नीला, बहिणीलाही ती मिळते का, हे पाहावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात मी कोणाला “नंतर बोलू” म्हणून टाळले?
२. माझे कोणते काम खरोखर गरजेचे आहे आणि कोणते केवळ सवयीचे?
३. रविवारी आमच्या घरात कोणाला विश्रांती मिळत नाही?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूही थकलास आणि पित्याजवळ विसावलास. आमचा दिवस तुझ्यापुढे ठेवण्याची आम्हाला सवय लाव. काय करावे आणि काय सोडावे, हे आम्हाला दाखव. आमेन.