दुधाचा जोडधंदा : माप व वही
दुभत्या गाईस शरीरपोषणासाठी रोज सुमारे १.५ किलो व दर २.५ लिटर दुधामागे आणखी १ किलो आंबोण द्यावे, हे बहुतेक गोपालकांस ठाऊक असते. तथापि माप नसल्याने १० लिटर व ४ लिटर दूध देणाऱ्या गाईंस सारखेच घमेले मिळते. वास्तविक पहिलीस ५.५ किलो लागते, दुसरीस सुमारे ३ किलो पुरते. त्यामुळे एकीचे दूध घटते, दुसरीवरील खर्च वाया जातो. यासाठी १ किलो आंबोण मावेल असा डबा वजन करून ठरवावा. दर सोमवारी प्रत्येक गाईचे दोन्ही वेळचे दूध मोजून वहीत लिहावे व आठवड्याचे डबे त्यानुसार ठरवावेत. ग्रामकार्यकर्त्यांनी नवी माहिती देण्यापूर्वी ही वही पाहावी.