फूल सगळ्यांच्या वाट्याला

अगं, काल फोनवर तुझा आवाज फार पडलेला वाटला, म्हणून आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले. चामराजपेटच्या त्या शाळेत तू पीटी मिस झालीस, आणि चाळीस मुलांत बॅडमिंटनला पुढे येतात सहा. बाकीच्यांचं पोट दुखतं. त्यांना आळशी म्हणू नकोस गं. चौघं खेळणार आणि छत्तीस जण भिंतीला टेकून बघणार, तिथे पोट दुखणारच!

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तासभर बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची. सगळ्यांसमोर फूल हुकलं तर हसतील, ही तिची धास्ती. हे कळायला मला वर्ष लागलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग मी कोर्टच मोडलं. मैदानभर आडवी दोरी बांधली, दोन्ही बाजूंना जोड्या उभ्या केल्या. पहिले आठ दिवस रॅकेट नाहीच, नुसता फुगा आणि तळहात. फुगा सावकाश उतरतो, तेवढ्यात पाय हलवायला सवड मिळते. पुढे रॅकेट दिली, पण मूठ पार वर सरकवून धरायची. आणि मोजायचं ते एवढंच, की जोडीनं फूल किती वेळा परतवलं. नाडीवाली एकदा सतरापर्यंत पोचली आणि "मिस, अजून एकदा!" म्हणून ओरडली.

अंगणात वारा असेल तर पाच ग्रॅमचं फूल भरकटतं. मग बॉल बॅडमिंटन घे. लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच जण, म्हणजे एकदम दहा मुलं खेळात. १८५६च्या सुमारास तंजावरच्या राजघराण्यात हा खेळ चालायचा असं सांगतात. तंजावर म्हणजे आपले भोसलेच की! मुलांना हे जरूर सांग. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या 'शटल टाइम'चे २२ पाठही फुकट मिळतात, ते उतरवून घे.

हॉल नाही म्हणून हेडमिस्ट्रेस कुरकुरल्या, तर प्रकाश पदुकोणांचं नाव घे. तुझ्या मल्लेश्वरममधल्या कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्येच शिकले ते. लग्न असलं की सराव बंद. १९८०ला ऑल इंग्लंड जिंकून आले.

शनिवारी फुग्यांचं पाकीट आणून ठेव. दोरी माझ्याकडे आहे, मामा बेळगावहून निघताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते.