आधी टेप, मग माऊस

नारायणगडाच्या पंचक्रोशीत घर बांधायचं ठरलं की हल्ली पहिला नकाशा मोबाइलवर येतो. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा किंवा कॉलेजात शिकणारी नात रात्री बसून घर काढते, भिंतींना रंग देते, सोफा मांडते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. मला हे मनापासून आवडतं. पूर्वी घराचा विचार मिस्त्री आणि घरातला कर्ता पुरुष एवढ्यांतच उरकायचा. आता ओटा कुठल्या भिंतीला हवा, हे घरातली बाई पडद्यावर बोट ठेवून सांगते.

मी बीड परिसरात घरांचे नकाशे काढतो. घरी काढलेले असे नकाशे तपासून घ्यायला लोक माझ्याकडं येतात, तेव्हा ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ ही तक्रार हमखास असते. उघडून पाहिलं तर सॉफ्टवेअर बहुधा ठणठणीत असतं. आपण सांगितलं नाही, तर भिंत किती जाड, छत किती उंच, गाव कुठलं, उत्तर कुठं, हे सगळं ते स्वतःच्या मनानं धरून चालतं. आणि त्यानं धरलेलं घर आपल्याकडचं नसतं. अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं.

गडाच्या पायथ्याकडच्या एका गावातलं घर मी जवळून पाहिलं. नगद नारायण महाराजांचा हा गड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. वारीच्या दिवसांत इथल्या घरांत पाहुण्यांचा राबता असतो. त्यामुळं मोठी ओसरी आणि ऐसपैस स्वयंपाकघर ही त्या कुटुंबाची पहिली मागणी होती. नातवानं स्वीट होम थ्रीडी या घराचा नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा बाय दहाचं स्वयंपाकघर काढलं. मला बोलावलं तेव्हा भिंती उभ्या राहून गिलावाही झाला होता, आणि ओट्याचा ग्रॅनाइट दहा फुटांच्या मापानं कापून आला होता. दगड भिंतीत मावेना. आजोबा म्हणाले, “कॉम्प्युटरवर तर दहा फूट दिसायलंय, मग इथं कमी कसं काय भरायलं?”

टेप लावला तर आतलं माप भरलं नऊ फूट दोन इंच. हिशेब सरळ होता. या सॉफ्टवेअरमध्ये आपण ओढतो ती रेघ भिंतीच्या मधोमध असते. नऊ इंची भिंतीची निम्मी जाडी इकडून आणि निम्मी तिकडून आत येते, म्हणजे नऊ इंच तिथंच गेले. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यात आणखी इंचभर गेला. दगड कापता येतो, भिंत सरकवता येत नाही. फ्रिजची जागा गेली आणि फ्रिज ओसरीत आला. यावरचा उपाय पाच मिनिटांचा आहे. खोली काढून झाली की मापाची रेघ भिंतीच्या आतल्या अंगापासून समोरच्या आतल्या अंगापर्यंत ओढा आणि प्रत्येक खोलीचं हेच माप नकाशावर लिहा. आतून दहा फूट हवे असतील, तर मध्यापासून मध्यापर्यंत दहा फूट दहा इंच धरा.

भिंतीची जाडी आणि उंची काढायला बसण्याआधीच भरून टाका. स्वीट होम थ्रीडीमध्ये नवी भिंत साडेसात सेंटिमीटर जाड आणि अडीच मीटर उंच धरलेली असते. साडेसात सेंटिमीटर म्हणजे तीन इंच. आपल्याकडं बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतली चार इंची असते, स्लॅब दहा फुटांवर पडतो. हे आकडे बदलले नाहीत तर पडद्यावरचं घर आतून मोकळं आणि वरून बुटकं दिसतं. मग माणूस खिडक्यांची उंचीही चुकीच्या अंदाजानं ठरवतो.

जिन्याचं रडगाणं तर नेहमीचं. ‘जिना वर पोचतच नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी मजल्याची उंची कशी टाकली ते विचारतो. छत दहा फुटांवर असलं तरी जिन्याला चढायचं असतं ते वरच्या फरशीपर्यंत. पाच इंचांचा स्लॅब आणि वरचं फ्लोअरिंग धरून ते अंतर साधारण साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच होतं. सात इंचांची पायरी धरली तर १८ चढ लागतात. १८ चढांना १७ पायऱ्या, आणि दहा इंच रुंदीनं त्यांना १४ फूट दोन इंच लांबी हवी. सॉफ्टवेअरमध्ये नुसते दहा फूट टाकले की जवळजवळ एक पायरी कमी पडते. ती मग मिस्त्री शेवटच्या पायरीत घुसवतो, आणि घरातली म्हातारी माणसं आयुष्यभर तिथं अडखळतात.

मापांतला दुसरा सापळा फूट-इंचांचा. ३.५ फूट म्हणजे तीन फूट सहा इंच, तीन फूट पाच इंच नव्हे. दाराची चौकट या एका इंचासाठी अडते. आकडा टाकल्यावर पडद्यावर तो कसा वाचला गेला, ते लगेच पाहायची सवय लावा. ऑटोकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल एकाकडून दुसऱ्याकडं जाते तेव्हा हाच घोळ मोठा होतो. एकानं मिलिमीटरमध्ये काढलेलं दुसऱ्यानं इंचात उघडलं, की सगळं २५.४ पट होतं आणि २३० मिलिमीटरची भिंत १९ फूट दोन इंचांची दिसते. फाइल उघडताच एखाद्या दाराची रुंदी मोजा. तीन-साडेतीन फुटांच्या आसपास नसेल, तर पुढं एक रेघही ओढू नका, आधी एकक दुरुस्त करा.

गावठाणातल्या जागा क्वचितच काटकोनात असतात. ‘शेवटची भिंत जुळतच नाही’ ही तक्रार तिथून येते. स्वीट होम थ्रीडीमध्ये चुंबक (मॅग्नेटिझम) ही सोय चालू असताना भिंत १५ अंशांच्या पटीतच वळते. जागेचा कोपरा ९३ अंशांचा असला, तरी सॉफ्टवेअर तो ओढून ९० वर आणतं. विंडोजवर आल्टची की दाबून धरली की चुंबक तेवढ्यापुरतं सुटतं. त्याआधी जागेवर एक काम करा. चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तरच जागा काटकोनात आहे. भिंतींची टोकं जुळली नाहीत तर खोलीच्या मध्यावर दोनदा क्लिक करूनही फरशी भरत नाही. अशा वेळी फरशीशी झटापट करण्यापेक्षा एकेक कोपरा मोठा करून बघा, कुठंतरी फट सापडेल.

जुन्या कागदावरचा नकाशा मागं ठेवून त्यावरून काढत असाल, तर मोबाइलनं तिरका काढलेला फोटो वापरू नका. त्यात लांबी बरोबर आली तरी रुंदी फसते. कागद स्कॅन करा, सगळ्यांत लांब मापावरून प्रमाण ठरवा आणि मग आडव्या दिशेचं एक माप ताडून पाहा. दोन्ही जुळली तरच पुढं जा.

आता उन्हाविषयी. मराठवाड्यात घर बांधताना याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. उन्हाची सावली दाखवणाऱ्या स्केचअप या सॉफ्टवेअरचा जन्म अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या बोल्डर शहरातला. आपण ठिकाण बदललं नाही, तर त्यातली सावली बोल्डरच्या सूर्याची पडते. बोल्डर सुमारे ४० अक्षांशांवर आहे, बीड सुमारे १९ वर. तिथं भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. आपल्याकडं मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडं सरकतो. हिवाळ्यातला फरक आणखी मोठा आहे. डिसेंबरात बोल्डरचा दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो, बीडचा ४७ अंशांच्या वर. तिथला सूर्य धरून छज्जा ठरवला, तर पडद्यावर दिसलेलं ऊन आणि ओसरीत येणारं ऊन यांचा मेळ बसत नाही. म्हणून आधी ठिकाण भरा, मग उत्तर दिशा जागेवर जाऊन ठरवा. मोबाइलचं होकायंत्र वापरणार असाल तर मोटारसायकल, सळ्यांचा ढीग आणि लोखंडी दरवाजा यांपासून लांब उभे राहा, लोखंडाजवळ ते फसवतं.

थ्रीडी चित्र काळं येणं, अडकणं किंवा सॉफ्टवेअर बंद पडणं, हे मात्र खरंच संगणकाचं दुखणं असतं. पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं घेणं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन या सॉफ्टवेअरला ताकदीचं ग्राफिक्स द्या. दुसरं कारण म्हणजे फुकट मिळतं म्हणून भरलेलं सामान. बारीक नक्षीचं एखादं झुंबर अख्ख्या घरापेक्षा जड असतं. भिंती, दारं, जिना पक्के होईपर्यंत सामान साधंच ठेवा. फरशी किंवा भिंत लुकलुकत असेल, तर एकाच जागी दोन पृष्ठं एकावर एक आलेली असतात. त्यातलं एक काढून टाका.

वीज गेली आणि काम गेलं, हे आपल्याकडं नवीन नाही. दिवसाच्या कामाची फाइल तारीख घालून वेगळ्या नावानं ठेवा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. ऑटोकॅडची फाइल उघडेनाशी झाली, तर शेजारी त्याच नावाची बॅक (.bak) फाइल शोधा. तिचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की आधी सेव्ह केलेला नकाशा परत मिळतो. समोरच्याकडं जुनी आवृत्ती असेल तर फाइल जुन्या स्वरूपात सेव्ह करून पाठवा. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर निर्मला किंवा मंगल असा युनिकोड फाँट निवडा. ‘देवघर’ हा शब्द मिस्त्रीला वाचता आलाच पाहिजे.

छापतानाही जपा. प्रिंटरला ‘पानावर बसवा’ सांगितलं की तो नकाशा गुपचूप लहान करतो, आणि मिस्त्री त्यावर पट्टी ठेवून मोजतो. कागदाच्या कोपऱ्यात नकाशाच्याच प्रमाणात दहा फुटांची एक रेघ काढून ठेवा. छापल्यावर ती मोजली की प्रमाण टिकलं की नाही ते कळतं. आणि मिस्त्रीला निक्षून सांगा, पट्टी लावू नका, लिहिलेलं मापच खरं धरा.

एका ठिकाणी मात्र मी कुणाचीही भीड ठेवत नाही. या भागात अजून दगड-मातीची माळवदाची घरं आहेत, दोन-दोन फूट जाड भिंतींची. सॉफ्टवेअरमध्ये अशी भिंत एका क्लिकनं पुसता येते आणि हॉल मोठा दिसतो. पण माळवदाच्या लाकूड-मातीचं सगळं ओझं त्याच भिंतीवर असतं, आणि ते ओझं हे सॉफ्टवेअर मोजत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड छपरं कोसळून हजारो माणसं गेली. ही आठवण मराठवाड्यानं विसरायची नसते. भिंत काढणं, मजला चढवणं, कॉलम हलवणं, यातलं काहीही करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा. त्याची फी घराच्या खर्चापुढं किरकोळ असते.

अडचण आली की मी क्रम ठरवून ठेवला आहे. आधी जागेवरचं माप, मग सॉफ्टवेअरनं धरलेले आकडे, मग फाइल आणि सगळ्यांत शेवटी संगणक. बरेच जण उलट्या टोकानं सुरुवात करतात, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, आणि चुकीचं माप तसंच राहतं.

पाया खणण्याआधी नकाशातल्या सगळ्या भिंती जागेवर फक्कीनं आखून घ्या, आखणी पूर्ण जाडीची करा. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना, त्या खोल्यांतून फिरायला सांगा. ओट्याच्या जागी उभं राहू द्या, खाटेच्या जागी खाट टाकून पाहा. कुठं अडचण वाटली तर फक्की पुसून पुन्हा आखायला काही लागत नाही. मिस्त्रीला विसार त्यानंतरच द्या.